नफ्स, कल्ब आणि आजचे मानसशास्त्र



गेल्या रमजानच्या काही दिवस आधी आमच्या मोहल्ल्यातील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन मशिदीत मला भेटायला आले. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिने मानसशास्त्र हा विषय घेतला आहे. वडिलांच्या हातात तिचे पाठ्यपुस्तक होते व त्यातील एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. ते म्हणाले, "मौलाना, हे पान वाचा. धर्म हा माणसाच्या मनाचा भ्रम आहे, असे यात लिहिले आहे. मुलीने हा विषय शिकावा की सोडावा, एवढे सांगा." मुलगी खाली पाहत उभी होती. वडिलांचे बोलणे संपल्यावर ती हळूच म्हणाली, "मौलाना, माझा प्रश्न निराळा आहे. या पुस्तकात पाच पंथ दिले आहेत. प्रत्येक पंथ सांगतो की माणूस असा असतो. परीक्षेत मी पाचही लिहीन. पण यातला खरा कोणता, आणि आपल्या दीनचा कोणता?"

मी उत्तर दिले नाही. पुस्तक ठेवून घेतले. मदरशात आम्ही इमाम गज्जाली वाचले होते, आणि पुढे मराठी घेऊन बी. ए. करताना साहित्यसमीक्षेच्या तासाला फ्रॉइडचे नाव कानावरून गेले होते. पण हे दोन्ही एका मेजावर ठेवून वाचण्याची वेळ कधी आली नव्हती. ती त्या मुलीने आणली. अल्लाह तिला उत्तम मोबदला देवो. आज जे लिहीत आहे ते तिच्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि काही अंशी माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. ती पुढे येईलच.

प्रारंभी आपल्या घरचे चार शब्द नीट समजून घ्यावे लागतील. पवित्र कुरआन माणसाच्या अंतरंगाविषयी बोलताना रूह, नफ्स, कल्ब आणि अक्ल यांचा उल्लेख करतो. रूहविषयी सूरह बनी इस्राईलच्या ८५व्या आयतीत स्पष्ट केले आहे की ती पालनकर्त्याच्या आज्ञेतील बाब आहे आणि माणसाला तिचे ज्ञान फारच थोडे देण्यात आले आहे. म्हणजे रूह हा प्रयोगशाळेचा विषय नाही, आणि खरे तर आपल्या वादविवादाचाही नाही. नफ्सची गोष्ट मात्र वेगळी. नफ्सकडे पाहण्याची, तिला ओळखण्याची, तिला घडवण्याची आज्ञा आपल्याला आहे. सूरह शम्समध्ये नफ्सची शपथ घेतली आहे, तिला दुराचार व ईशभय या दोहोंची जाण दिली असल्याचे सांगितले आहे, आणि जो तिला शुद्ध करील तो सफल होईल, असा निर्णयही दिला आहे. कल्ब हे या सर्वांचे केंद्र. नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेल्या प्रसिद्ध हदीसचा आशय आपण सर्व जाणतो : शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो ठीक असेल तर सारे शरीर ठीक, तो बिघडला तर सारे शरीर बिघडते.

जे शास्त्र नफ्सच्या हालचालींचा शोध घेते ते मोमिनाला सर्वस्वी परके असू शकत नाही. परके असते ते त्या शास्त्राने कधी कधी घातलेले वस्त्र.

आधुनिक मानसशास्त्राची जन्मतारीख विचारली तर पुस्तके १८७९ हे वर्ष सांगतात. त्या वर्षी जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मनाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उघडली. पण सामान्य माणसाच्या तोंडी जे नाव बसले ते व्हिएन्नाच्या सिग्मंड फ्रॉइड यांचे. फ्रॉइड यांचे म्हणणे थोडक्यात असे की माणूस स्वतःला जितका ओळखतो त्याहून तो स्वतःला कितीतरी अधिक अनोळखी असतो. मनाचा मोठा भाग अबोध आहे. बालपणी दडपलेल्या इच्छा व भये तेथे राहतात आणि स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून, आजारांतून डोके वर काढतात. १९२३ साली त्यांनी मनाची तीन अंगे मांडली : इदम्, अहम् आणि पराहम्. इदम् म्हणजे केवळ वासना, पराहम् म्हणजे आई-वडिलांनी व समाजाने आत बसवलेला पहारेकरी, आणि अहम् म्हणजे या दोघांच्या ओढाताणीत सापडलेला बिचारा कारभारी.

येथे आपल्यातील काही वक्ते उत्साहाने सांगतात, "पाहा, कुरआनने हे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले! इदम् म्हणजे नफ्स-ए-अम्मारा, पराहम् म्हणजे नफ्स-ए-लव्वामा, आणि अहम् म्हणजे नफ्स-ए-मुतमइन्ना." वाचकहो, मी स्वतः एकदा जुम्याच्या बयानात हे वाक्य बोललो आहे, आणि आज ते मागे घेतो. सूरह यूसुफच्या ५३व्या आयतीतील वाईटाकडे ढकलणारी नफ्स, सूरह कियामहच्या दुसऱ्या आयतीतील स्वतःला दोष देणारी नफ्स आणि सूरह फज्रच्या अखेरीस ज्या शांत नफ्सला पालनकर्त्याकडे परतण्याची हाक आहे ती, हे मनाचे तीन वेगवेगळे तुकडे नव्हेत. त्या एकाच नफ्सच्या तीन अवस्था आहेत. माणूस अम्मारापासून निघतो आणि चालत राहिला तर मुतमइन्नापर्यंत पोहोचतो. फ्रॉइड यांच्या रचनेत असा प्रवास नाही. तेथे जन्मभराचा तह आहे, आणि तोही मोडका. शिवाय त्यांचा पराहम् समाजाकडून उसना आणलेला आहे. ज्या समाजात मुलींना वारसा नाकारणे ही रीत असेल, तेथील पराहम् वारसा नाकारताना मुळीच टोचणार नाही. लव्वामा मात्र टोचेल, कारण तिचे मूळ फितरतमध्ये आहे.

मग फ्रॉइड यांच्याकडे घेण्याजोगे काहीच नाही काय? आहे. त्यांनी रुग्णाला बोलू दिले आणि तासन्‌तास ऐकले. आपल्या घरांत ऐकणारा माणूस दुर्मिळ झाला आहे. स्वप्नांच्या बाबतीतही त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार स्वप्ने तीन प्रकारची : अल्लाहकडून शुभवार्ता, शैतानाकडून दुःख देणारे, आणि माणूस आपल्याच मनाशी जे बोलत असतो त्यातून उमटणारे. फ्रॉइड यांनी तिसऱ्या प्रकारावर सारे आयुष्य वेचले आणि उरलेले दोन आहेत हेच नाकारले. एका खोलीचा दिवा लावून उरलेले घर नाही असे म्हणण्याचा हा प्रकार झाला.

आता ते दुमडलेले पान. १९२७ साली फ्रॉइड यांनी धर्माला भ्रम ठरवणारे पुस्तक लिहिले. त्यांचा तर्क असा : लहान मूल असहाय असते, ते बापाच्या आश्रयाला जाते, मोठेपणी असहायता संपत नाही, म्हणून माणूस आकाशात एक बाप कल्पितो. मी त्या गृहस्थांना म्हटले, हा आक्षेप घरात बसून नीट वाचा, घाबरू नका. अल्लाहला पिता म्हणणे आपल्या अकीद्यात मुळातच नाही. सूरह इख्लास तुमच्या पाच वर्षांच्या नातवालाही पाठ आहे. आणि एखाद्या गोष्टीची मनाला ओढ आहे, एवढ्याने ती गोष्ट खोटी ठरत नाही. भूक लागते म्हणून भाकरी काल्पनिक होत नाही. फ्रॉइड यांनी श्रद्धेची मानसिक वाट शोधली असेल. पण ती वाट जेथे जाते ते ठिकाण आहे की नाही, हा प्रश्न त्यांच्या शास्त्राच्या कक्षेबाहेरचा होता. त्यावर ते जे बोलले ते त्यांचे मत होते.

दुसरा पंथ वर्तनवाद्यांचा. रशियाचे पावलॉव्ह यांच्या प्रयोगातील कुत्र्याची गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते : अन्नाबरोबर ठरावीक आवाज ऐकवीत गेले की पुढे नुसत्या आवाजानेही त्याच्या तोंडाला पाणी सुटते. १९१३ साली अमेरिकेत जॉन वॉटसन यांनी जाहीर केले की मन वगैरे डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी सोडा, केवळ वर्तन पाहा. पुढे तर त्यांनी असाही दावा केला की निरोगी बालके माझ्या हाती द्या, त्यांतील कोणालाही मी हवे ते बनवून दाखवतो, वैद्य किंवा चोर. त्यांच्यानंतर बी. एफ. स्किनर यांनी बक्षीस व शिक्षा यांचे नियम बारकाईने शोधले आणि १९७१ साली माणसाचे स्वातंत्र्य ही जुनी कल्पना आता सोडून द्यावी, अशा अर्थाचे पुस्तक लिहिले.

हदीसमध्ये आहे की प्रत्येक बालक फितरतवर जन्मते, मग त्याचे आई-बाप त्याला इतर मार्गाला लावतात. वॉटसन यांनी या हदीसचा उत्तरार्ध पाहिला, पूर्वार्ध पाहिला नाही. परिस्थिती माणसाला घडवते हे खरेच; पण ती कोऱ्या पाटीवर लिहीत नाही. पाटीवर आधीच काही लिहिलेले असते. आणि स्वातंत्र्य काढून घेतले तर हिशेबाचा दिवस कशासाठी उरतो?

तरीही, वाचकहो, सवयीच्या बाबतीत या मंडळींनी जे दाखवून दिले ते आपल्या घरांत आज फार उपयोगी आहे. प्रेषितांनी (स.) सांगितले की अल्लाहला सर्वांत प्रिय कृती ती, जी सातत्याने केली जाते, मग ती थोडी का असेना. सवय लहान पावलांनी लागते, हे तत्त्व येथे आहेच. आणि स्किनर यांचा एक निष्कर्ष तर प्रत्येक आई-वडिलांनी ऐकावा असा आहे. बक्षीस दरवेळी मिळाले तर प्राणी लवकर कंटाळतो. पण बक्षीस कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि केव्हा मिळेल ते कळत नाही, अशी योजना केली तर तो कळ दाबीतच राहतो. मोबाइलवरील रमी आणि सट्ट्याचे खेळ याच नियमावर चालतात. सूरह माइदहमध्ये जुगाराला शैतानी काम म्हटले आहे व तो वैर निर्माण करतो आणि नमाजपासून रोखतो असे सांगितले आहे. हराम का, हे आपण मुलाला सांगतोच. सुटत का नाही, हे स्किनर यांच्याकडून समजून घेतले तर त्या मुलाला केवळ निर्लज्ज म्हणून सोडून देण्याऐवजी त्याच्या हातातील फोनचे काय करावे ते तरी सुचेल.

इमाम गज्जाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला आहे : स्वभाव बदलतो का? शिकारी कुत्र्याला शिकार न खाण्याचे शिक्षण देता येते, उधळणाऱ्या घोड्याला आज्ञेत आणता येते, मग माणूस बदलत नाही असे कसे म्हणावे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पण त्यांच्या दृष्टांतात घोडा वेगळा आणि स्वार वेगळा. वर्तनवाद्यांच्या चित्रात घोडाच आहे. स्वार त्यांना दिसत नाही.

तिसरा पंथ मानवतावादी म्हणवतो. फ्रॉइड यांनी माणसाला आजारी पाहिले आणि वर्तनवाद्यांनी यंत्रवत, तेव्हा अब्राहम मॅस्लो आणि कार्ल रॉजर्स यांनी निरोगी माणसाकडे पाहण्याचा आग्रह धरला. मॅस्लो यांनी १९४३ साली गरजांची उतरंड मांडली : आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग प्रतिष्ठा आणि शेवटी स्वतःमधील सुप्त शक्तींचा विकास. भुकेल्याला नुसते बयान देऊ नये, हे आपल्याही दीनचे म्हणणे आहे. सूरह कुरैशमध्ये भुकेत दिलेले अन्न आणि भयापासून दिलेली सुरक्षितता या दोन देणग्यांची आठवण करून देऊनच उपासनेची आज्ञा केली आहे. प्रेषित (स.) दुआमध्ये कुफ्र आणि दारिद्र्य या दोहोंपासून एकत्र आश्रय मागत. मात्र उतरंडीच्या पायऱ्या एकामागून एकच चढाव्या लागतात, हे इतिहासाला मान्य नाही. तापलेल्या वाळूवर छातीवर दगड ठेवलेल्या हजरत बिलाल (रजि.) यांच्याजवळ पहिल्या चार पायऱ्यांपैकी काय होते? मॅस्लो यांना अखेरच्या काळात स्वतःलाच वाटू लागले की विकासाच्या वर आणखी एक पायरी आहे, जेथे माणूस स्वतःच्या पलीकडे जातो. व्हिक्टर फ्रँकल नावाच्या व्हिएन्नाच्या वैद्यांनी तर नाझींच्या छळछावण्यांत राहून हे पाहिले आणि बाहेर आल्यावर लिहिले की जगण्याला अर्थ असेल तर माणूस भयानक यातनाही सोसू शकतो. त्यांचे लिखाण वाचताना सब्र या शब्दाची मला वारंवार आठवण झाली.

रॉजर्स यांचे सांगणे असे की समुपदेशकाने समोरच्या माणसाला अटी न घालता स्वीकारावे. स्वीकारल्याशिवाय तो बदलत नाही. आमच्यासारख्या इमामांना हे प्रथम खटकते. पापाला कसे स्वीकारायचे? पण मुस्नद अहमदमधील तो प्रसंग आठवा. एक तरुण प्रेषितांकडे (स.) येऊन चक्क व्यभिचाराची परवानगी मागतो. लोक त्याच्यावर ओरडतात. प्रेषित (स.) त्याला जवळ बोलावतात, बसवतात आणि शांतपणे विचारतात, तुझ्या आईसाठी हे तुला आवडेल का? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्यासाठी? मावशीसाठी? तो प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्यासाठी दुआ करतात. कृत्याला येथे रेसभरही सूट नाही, आणि माणसाला मात्र पूर्ण जागा आहे. रॉजर्स यांना माणूस सांभाळता आला. पण बरे-वाईट ठरवण्याचे माप त्यांनी त्या माणसाच्याच हाती दिले, आणि तेथे आपली वाट वेगळी होते. आपल्यातील पुष्कळांची चूक नेमकी उलटी आहे, हेही कबूल केले पाहिजे. आपण माप घट्ट धरतो आणि माणूस सोडून देतो.

चौथा पंथ बोधनिक. १९५०-६० च्या सुमारास अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि अॅरन बेक यांनी म्हटले की घटना माणसाला दुःखी करीत नाही, घटनेविषयीचा विचार करतो. विचार तपासा, चुकीचा असेल तर बदला, भावना बदलतील. मराठी वाचकांपर्यंत एलिस यांचा विचार कि. मो. फडके यांनी पोहोचवला. एलिस स्वतः नास्तिक होते, तरी त्यांची पद्धत आपल्या जुन्या ग्रंथांच्या सर्वांत जवळ येते, ही अल्लाहची हिकमत म्हणावी. इब्ने कय्यिम (रह.) यांनी लिहिले आहे की मनात प्रथम एक उडता विचार येतो, तो तेथेच परतवला नाही तर कल्पना होते, मग इच्छा, मग निश्चय, मग कृती आणि शेवटी सवय, आणि प्रत्येक पायरीवर त्याला परतवणे आधीपेक्षा अवघड होत जाते.

त्यांच्याही चार शतके आधी अबू जैद बलखी (रह.) होऊन गेले. त्यांचे निधन इ.स. ९३४ मध्ये झाले. शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला, ज्याचे हस्तलिखित इस्तंबूलच्या ग्रंथालयात टिकून राहिले. त्यात त्यांनी क्रोध, भय, शोक आणि वसवसे अशा चार व्याधी घेतल्या आहेत. शोकाचे ते दोन प्रकार करतात : एक, ज्याचे कारण माहीत असते, जसे आप्ताचा मृत्यू किंवा मालाचे नुकसान, दुसरा, ज्याचे कारण त्या माणसालाच सांगता येत नाही, आणि ज्याचे मूळ शरीरात असून त्यावर शरीराचेच उपचार करावे लागतात. पहिल्यासाठी ते म्हणतात की शहाणा माणूस जशी घरात औषधे आधीच आणून ठेवतो, तसे चांगले विचार मनात आधीच साठवून ठेवावेत, म्हणजे वेळ आल्यावर ते हाताशी येतात. एक हजार वर्षांपूर्वी हे लिहिणारा माणूस आपल्या मदरशांच्या अभ्यासक्रमात नाही, याची मला खंत वाटते.

बलखींच्या त्या दुसऱ्या प्रकारातच पाचव्या, म्हणजे जैविक पंथाचे बीज आहे. मेंदू हाही अवयव आहे, तो आजारी पडतो, त्याला औषध लागते. यावर फार बोलण्याची गरज नाही. जी उम्मत मधुमेहाच्या गोळ्या बिनदिक्कत घेते तिने येथेच अडून बसावे, हे विचित्र आहे. अल्लाहने औषधाशिवाय कोणताही आजार उतरवलेला नाही, ही हदीस मनाच्या आजारांना वगळून सांगितलेली नाही. हजरत आयशा (रजि.) शोकग्रस्त घरात तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पेज, करायला सांगत, कारण तिने रुग्णाच्या हृदयाला विसावा मिळतो व दुःख हलके होते, असे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते.

आता माझी चूक.

आमच्या मशिदीत एक तरुण येतो. घरच्यांच्या संमतीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे काही सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी तो वुजूला बसला की उठत नसे. तीन वेळा धुवायचे ते तो तीस वेळा धुई. अजानला आलेला मुलगा जमात संपली तरी नळाशीच. लोक हसत, काही जण पाण्याच्या नासाडीवरून रागावत. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. आपल्या घरांत वसवसा म्हणतात. त्याची आई माझ्याकडे आली. मी सांगितले, हा शैतानाचा वसवसा आहे, त्याने अऊजु आणि लाहौल पढावे. त्याने पढले. मग ते नीट उच्चारले गेले की नाही, या शंकेने तेही शंभर शंभर वेळा पढू लागला. मी आणखी एक वजीफा दिला. तो त्याने तसाच मोजायला घेतला. दर दोन दिवसांनी विचारी, "मौलाना, माझा वुजू झाला का?" मी प्रेमाने म्हणे, "झाला, बेटा." मला वाटे मी त्याला धीर देतो आहे. आठ महिन्यांनी त्याने नमाजच सोडली, कारण वुजूशिवाय नमाज नाही आणि वुजू त्याच्या लेखी कधी पुरा होतच नव्हता. त्या घराने मग एका आमिलाकडे पैसे घातले, तो भाग सोडून देतो.

शेवटी त्याच्या मामांनी त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात नेले. मी सोबत गेलो. डॉक्टरांनी औषध दिले आणि उपचार समजावला : शंका येऊ द्यायची, बेचैनी होऊ द्यायची, पण पुन्हा धुवायचे नाही. बेचैनी आपोआप उतरते, आणि मन शिकते की न धुताही काही बिघडले नाही. ही पद्धत वर्तनवादातून आलेली. १९६६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हिक्टर मेयर यांनी ती वापरून दाखवली होती. मी ऐकत होतो आणि मला घाम फुटत होता, कारण हे मला आधीच माहीत असायला हवे होते. खात्री शंकेने नष्ट होत नाही, हा फिक्हचा नियम मी स्वतः मुलांना शिकवतो. नमाजमध्ये शंका आली तर आवाज ऐकल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये, ही हदीस बुखारीत आहे. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात, म्हणजे साधारण भरल्या ओंजळीच्या मापात, वुजू करीत. इब्ने कुदामा (रह.) यांनी तर वसवसेग्रस्तांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आहे. आणि काही सहाबांनी (रजि.) येऊन सांगितले होते की मनात असे विचार येतात जे उच्चारण्यापेक्षा मरण बरे वाटते, तेव्हा त्यांना रागावले गेले नाही, ही घृणा म्हणजे ईमानाचीच स्पष्ट खूण आहे असे सांगण्यात आले. औषध माझ्या कपाटात होते. मी त्या मुलाला आजारी समजलो नाही, म्हणून ते काढले नाही.

वाचकहो, आपण आजाऱ्याला आजारी समजत नाही तेव्हा काय होते, त्याची एक तारीख लक्षात ठेवा : ६ ऑगस्ट २००१. तामिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालवल्या जाणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. आतील मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून गेले. त्यांना तेथे नेणारे त्यांचे वैरी नव्हते, बहुधा त्यांच्या आई-वडिलांनीच आशेने आणून सोडले असावे. आणि हे त्या उम्मतीच्या मुलांच्या बाबतीत घडले जिच्या दमास्कसमध्ये ११५४ साली आणि कैरोमध्ये १२८४ साली उभारलेल्या रुग्णालयांत मनोरुग्णांसाठीही जागा होती, आणि जिच्या शरिअतने जो शुद्धीवर नाही त्याच्यावरून लेखणी उचलून घेतली आहे.

अल्लाहच्या स्मरणाने हृदयांना शांती मिळते, हे सूरह रअदमधील वचन आपल्याला प्राणाहून प्रिय आहे. पण ते आजाऱ्याच्या अंगावर फेकण्याचा दगड नाही. "तुला शांती नाही, म्हणजे तुझे ईमान कच्चे," असे बाळंतपणानंतर रडत बसलेल्या सुनेला म्हणणाऱ्यांनी हजरत याकूब (अ.) यांच्याकडे पाहावे, ज्यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे झाले. त्यांचे ईमान कच्चे होते काय? मूसा (अ.) यांच्या मातेचे हृदय रिते झाले, हे कुरआन सांगतो. मरयम (अ.) यांनी प्रसववेदनेत मरणाची इच्छा केली. आणि इमाम गज्जालींचे तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे : १०९५ साली, बगदादच्या निजामियात कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांची जीभ वळेनाशी झाली. शिकवायला बसत आणि शब्द निघत नसे. अन्न गळ्याखाली उतरेना. वैद्यांनी तपासून सांगितले की हे दुखणे हृदयातून आले आहे व तेथून शरीरात शिरले आहे. ते पद सोडून दमास्कसला गेले. 'इह्या' त्यानंतरची आहे.

मुलीने विचारले होते, यातला खरा कोणता. मी तिला पुस्तक परत करताना म्हटले, "बेटी, हे पाचही जण एकाच हवेलीच्या पाच खिडक्यांतून आत पाहत आहेत. कोणाला तळघर दिसते, कोणाला अंगण, कोणाला विटा व तुळया. जे दिसते ते बहुतेक खरे सांगतात. हवेली कोणी बांधली आणि कशासाठी, हे खिडकीतून दिसत नाही, आणि तेथे ते अंदाजाने बोलू लागतात. तू त्यांचे पाहणे शिक. त्यांचा अंदाज तपासून घे." सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बदरी यांनी १९७९ साली मुस्लिम मानसशास्त्रज्ञांच्या कोंडीवर पुस्तक लिहिले. पूर्वीच्या लोकांमागून घोरपडीच्या बिळातही शिराल, या हदीसचा दाखला देऊन त्यांनी आपल्या सहव्यवसायींना अंधानुकरणाबद्दल बजावले. पण स्वतः त्यांनी मानसोपचार सोडला नाही. ते रुग्ण तपासत राहिले, आणि बलखींचा ग्रंथ इंग्रजीत आणण्याचे कामही त्यांनीच केले. मी तिला हे नाव लिहून दिले. वडिलांना सांगितले की मुलीला विषय सोडायला लावू नका. आपल्या मोहल्ल्यातील स्त्रिया ज्या गोष्टी पुरुष डॉक्टरांना सांगत नाहीत, त्या ऐकायला आपल्यातील एखादी शिकलेली मुलगी हवी आहे. ते काही बोलले नाहीत. पुस्तकाचा दुमडलेला कोपरा मात्र त्यांनी बोटाने सरळ केला.

ज्यांच्या घरात असे कोणी आहे त्यांच्यासाठी : केंद्र शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. दुआ करा, सदका द्या, कुरआन पढून दम करा, आणि फोनही करा. उंट बांधून मग भरवसा ठेवावा, हा प्रेषितांचाच (स.) सल्ला आहे.

तो तरुण आता पुन्हा नमाजला येतो. वुजूला मगभर पाणी घेतो आणि मग उपडा करून ठेवतो, तसे त्याचे डॉक्टरांशी ठरले आहे. अजूनही एखाद्या दिवशी माझ्याजवळ येऊन तो विचारतो, "मौलाना, वुजू झाला ना?" मी उत्तर देत नाही. उत्तर देऊ नये, दिलासा हेच त्या आजाराचे खाद्य आहे, असे मला डॉक्टरांनी बजावले आहे. आणि खरे सांगतो, "झाला" हा एक शब्द गिळणे मला अजून जड जाते. तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहतो. मग इकामत सुरू होते, आणि तो सफमध्ये जाऊन उभा राहतो.